सहा बोटं रबर

टायरच्या गालावरचे आकडे
उकंडाभाऊ थुंकी लावून, अंगठ्यानं पुसून वाचतो.
मी सरकारी दवाखान्यातल्या लॅबमधली,
असं पुसून, वाकून वाचणं माझ्या ओळखीचं.
दोनशे पाच ही रुंदी.
पंचेचाळीस हा रुंदीचा शेकडा, म्हणजे रबराची उंची.
सतरा इंचाची रिंग.
तो बोटं लावून मोजतो.
"पाच बोटं रबर हाय, ताई. बाकी सगळा डौल."

डाव्या पुढच्याला फुगा आलाय, लिंबाएवढा.
दारव्ह्याच्या त्या बंद छोट्या लायनीवर,
जिथून आता गाडी जात नाही
पण रूळ आपली जागा सोडत नाहीत.
त्या दिवशीचा आवाज मी कानांनी नाही,
दातांनी ऐकला.

लाल गाडी, जमिनीला पोट लावून चालणारी.
अमरावतीच्या कोण्या हौशी पोरानं सजवलेली,
मी तिसरी मालकीण.
गावात म्हणतात, "मॅडम, म्हैस आडवी आली त हे खालून जाईन."
जाऊबाईंचा भाऊ म्हणतो, ट्रॅक्टरचे लावा.
मी हसते.
रोज एकतीस किलोमीटर जाणं, एकतीस येणं,
आणि मधे लोही फाट्यानंतर साडेतीन किलोमीटर सरळ,
जिथे मी कोणाची कोणी नसते.

उकंडाभाऊ दार उघडून चौकटीत डोकं घालतो.
तिथे एक चिठ्ठी, धुळीनं भरलेली:
एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, सोळा. हवा तेहतीस.
तीन मालकांनी हे दार उघडलं, लावलं,
वाचलं कोणीच नाही.
"सोळाची रिंग घे. सहा बोटं रबर येते.
बाहेरचा घेर जवळपास तोच.
दिसाले जराशी गरीब दिसन. चालन?"

मी त्या मोठ्या काळ्या रिंगांकडे पाहते.
त्यांच्यावरच तर भाळले होते,
खोटं कशाला बोलू.

तो यवतमाळला फोन लावतो.
याच मॉडेलची एक उभी आहे भंगारात,
बाभुळगावच्या वळणावर गेलेली, चारी रिंगा साबूत.
"अन् माणसं?"
तो फोनवर विचारतो. थांबतो. कान बदलतो.
"वाचली म्हणते."
मग मी हो म्हणते.

टायर दोन जातीचे.
एक मऊ, रस्ता धरून ठेवणारा, लवकर झिजणारा.
एक टणक, साठ हजार चालणारा, पण ओल्यात मनाचा राजा.
दोन्हींवर व्ही हे अक्षर,
म्हणजे ताशी दोनशे चाळीस सोसेल.
उकंडाभाऊ बाहेर पाहून हसतो:
शेणखताची बंडी, बंडीमागे एसटी,
एसटीमागे सगळं जग.

मऊवर बारीक चार आकडे. तेवीस, एकोणीस.
एकोणीस सालचा तेविसावा आठवडा.
"हे इतके उन्हाळे गोदामात शिजलं. नोको घेऊ."
बाहेरून कोरं करकरीत. केससुद्धा झडले नव्हते
त्या रबराचे.
मी ताजा मागवते. मऊच. चार.
दोन आत्ता अन् दोन दिवाळीले, असं नाही.

बसवल्यावर गाडी आधी ओळखू आली नाही.
लग्नातून येऊन घरचा गाऊन घातल्यासारखी.
लायन आली, मी दात आवळले,
आणि गेली. मागे आरशात रूळ,
तसेच्या तसे.

दारात थांबले तेव्हा मीटरवर एकतीस पॉइंट दोन.
रोजचे एकतीस पॉइंट चार.
घेर खरा झाला.
म्हणजे इतके दिवस दोनशे मीटर
मी नसलेल्या रस्त्यावर चालवत होते,
त्याचंही पेट्रोल धरत होते हिशेबात.

"पन्नास किलोमीटर झाले का परत ये,
नट आवळून देतो," तो म्हणाला होता,
"नवी रिंग बसाले वेळ घेते."
उद्या दवाखाना सुटल्यावर जाईन.
फाट्यानंतर जरा जोरात.